नोटेशनचं सॉफ्टवेअर बदललं की बोटं का अडतात, आणि काय करायचं

गेल्या वर्षभरात मला एकाच जातीचे फोन येत आहेत. कुडाळहून, मालवणहून, एक रत्नागिरीहून. "बाई, नवीन सॉफ्टवेअर घातलंय, पण काही केल्या स्वरच उमटत नाहीत." "जुनी फाईल उघडली तर गाण्याच्या शब्दांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतंय." एकजण तर नुसतं म्हणाले, "आता हातानेच लिहितो, नको ते कॉम्प्युटर." हे सगळे वाद्य उत्तम वाजवणारे, वर्षानुवर्षं स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर स्वर लिहायची पाश्चात्त्य पद्धत) लिहिणारे लोक आहेत. त्यांना संगीत येत नाही असं नाही आणि कॉम्प्युटर येत नाही असंही नाही. तरी सगळे त्याच पाच-सहा जागी अडतात. मीही तिथेच अडले होते.

मी वेंगुर्ल्यात शाळेत संगीत शिकवते. शाळेच्या वाद्यवृंदाला दोन व्हायोलिन, एक बासरी, हार्मोनियम, आणि गावातल्या ब्रास बँडमधले एक ट्रंपेटवाले व एक क्लॅरिनेटवाले मदतीला. यांचे पार्ट, म्हणजे प्रत्येकाने बघून वाजवायची पानं, मीच लिहिते. गणपतीच्या आधी आणि पुन्हा नाताळच्या आधी कामाची गर्दी असते, आणि सॉफ्टवेअरशी भांडण नेमकं तेव्हाच होतं.

आधी बदल का करावा लागला ते थोडक्यात. आपल्याकडे बऱ्याच जणांनी 'फिनाले' हे नोटेशनचं सॉफ्टवेअर वापरलं. ते १९८८ पासून होतं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी त्याचा विकास आणि विक्री थांबवल्याचं जाहीर झालं. ज्यांच्याकडे ते बसवलेलं आहे त्यांचं चालतं, पण लॅपटॉप आणि ऑपरेटिंग सिस्टीम कायम तीच राहत नाही. माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड खाऱ्या हवेने गेलाच होता. त्यामुळे कुणी डोरिकोकडे वळलं, कुणी सिबेलियसकडे. मी म्यूजस्कोर घेतलं, कारण ते मोफत आहे आणि शाळेतली मुलं घरीही घालू शकतात. खालची उदाहरणं म्यूजस्कोरच्या चौथ्या आवृत्तीची आहेत. कारणं मात्र सगळीकडे सारखीच लागू पडतात.

पहिली अडचण: बोटांना जुना आकडा आठवतो

क्रॉचेट, म्हणजे साध्या भाषेत आपली एक मात्रा, लिहायला कोणता आकडा दाबायचा? फिनालेमध्ये ५. म्यूजस्कोरमध्येही ५. सिबेलियसमध्ये उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरचा ४. डोरिकोमध्ये ६. एवढ्या एका गोष्टीत किती डोकेदुखी आहे ते बघा. फिनालेतून डोरिकोकडे गेलेला माणूस सवयीने ५ दाबतो आणि त्याला क्वेव्हर, म्हणजे अर्धी मात्रा, मिळतो. अख्खी चाल दुगुनीत लिहिली जाते, बार (दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा गट) अर्धाच भरतो, आणि त्याला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलंय. सिबेलियसवरून म्यूजस्कोरला आलेला ४ दाबतो, त्याचंही तेच होतं. म्हणून पहिल्या दिवशी एक कागद घ्या, त्यावर मिनिम (दोन मात्रा), क्रॉचेट, क्वेव्हर, सेमिक्वेव्हर (पाव मात्रा) यांचे नवे आकडे लिहा आणि स्क्रीनच्या कडेला चिकटवा. म्यूजस्कोरसाठी ते ६, ५, ४, ३ आहेत. विश्रांतीला शून्य, लांबवायला टिंब, दोन स्वर टायने जोडायला टी.

आकडा सारखा असूनही फिनालेवाले म्यूजस्कोरमध्ये अडतात, त्याचं कारण निराळं आहे. फिनालेच्या 'स्पीडी एन्ट्री' पद्धतीत आधी स्वराची जागा धरायची आणि मग आकडा दाबायचा. आकडा दाबला की स्वर उमटला. म्यूजस्कोरच्या नेहमीच्या पद्धतीत उलट आहे: आधी एन दाबून लिहिण्याच्या अवस्थेत जायचं, मग आकडा, मग स्वराचं अक्षर. दहा वर्षं स्पीडीवर काढलेला माणूस बाण खालीवर करतो, ५ दाबतो आणि वाट बघतो. काहीच होत नाही. पुन्हा ५ दाबतो. मग एखादं अक्षर दाबतो आणि स्वर तिसऱ्याच ठिकाणी जाऊन बसतो. "स्वरच उमटत नाहीत" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हा क्रम असतो.

यावर दोन उपाय आहेत. २०२५ च्या ४.५ आवृत्तीपासून म्यूजस्कोरमध्ये 'इनपुट बाय ड्युरेशन' नावाची पद्धत आली आहे. वरच्या पट्टीतल्या पेन्सिलीच्या चिन्हाशी लिहिण्याच्या पद्धतींची यादी उघडते, त्यात ती निवडा. मग आधी स्वर, नंतर आकडा असं जुन्या सवयीप्रमाणे लिहिता येतं. ज्यांचा हात पूर्ण पक्का झालेला आहे आणि ज्यांना पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे, त्यांनी हे बिनदिक्कत करावं. पण नव्याने शिकणाऱ्या मुलांना मी ते दाखवत नाही. त्यांनी मूळचा क्रमच शिकावा, कारण पुढे मदतीची जी पानं ते वाचणार ती त्या क्रमाने लिहिलेली असतात.

दुसरा उपाय मी स्वतः केला आणि तो मला जास्त आवडतो. नवं काही लिहायला न घेता सात दिवस रोज एकच अलंकार लिहायचा. सारेग, रेगम, गमप, मपध, वर जाऊन परत खाली. आधी सगळा क्रॉचेटमध्ये, मग तोच क्वेव्हरमध्ये, मग पहिला स्वर दीड मात्रेचा करून. गळ्याला जसा पलटा बसवतो तसा तो बोटांना बसवायचा. पहिल्या दिवशी मला पाऊण तास लागला, आणि त्यातला अर्धा वेळ चुका मागे घेण्यात गेला. सहाव्या दिवशी दहा मिनिटांच्या आत झाला आणि कडेच्या कागदाकडे बघावं लागलं नाही. या आठवड्यात शॉर्टकट बदलून जुन्या सॉफ्टवेअरसारखे करू नका. मी पहिल्याच दिवशी अर्धे बदलले होते, आणि शेवटी ना जुनं आठवायचं ना नवं. सगळं मूळ जागी आणून पुन्हा सुरुवात करावी लागली.

नावांचाही एक गोंधळ असतो. आपल्याकडे पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा दिलेले लोक क्रॉचेट, क्वेव्हर म्हणतात. सॉफ्टवेअर उघडलं की क्वार्टर नोट, एट्थ नोट दिसतं. प्रेफरन्सेसमध्ये भाषा 'इंग्लिश (यूके)' करा. आपली नावं परत दिसतात.

दुसरी अडचण: काहीच चालत नाही, आणि कारण दिसतच नाही

या अडचणीत मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. जुलैमधली दुपार होती, बाहेर धो-धो पाऊस. मी एका समूहगीताचे शब्द भरून संपवले आणि दुसऱ्या व्हायोलिनचा पार्ट लिहायला घेतला. एन दाबलं, काही नाही. ५ दाबलं, काही नाही. सी, डी, ई, एकही स्वर नाही. फाईल बंद केली, उघडली. सॉफ्टवेअर बंद केलं, उघडलं. लॅपटॉपसुद्धा बंद करून चालू केला. मग थोडा वेळ चाललं. पुन्हा दोन शब्द दुरुस्त केले, की पुन्हा बंद. दोन दिवस हा खेळ चालला. मी माघारी जुन्या लॅपटॉपकडे निघाले होते.

आठवीतला एक मुलगा व्हायोलिन ठेवायला आला होता. तो मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "बाई, तुमचो कीबोर्ड अजून मराठीतच आसा."

तेच होतं. शब्द मराठीत टाईप करायला कीबोर्ड मराठीवर नेलेला, आणि तो परत इंग्रजीवर आणलाच नव्हता. एनची कळ दाबली की कॉम्प्युटरला देवनागरी चिन्ह मिळत होतं, आणि स्वर लिहिण्याच्या आज्ञा रोमन अक्षरांवर बांधलेल्या आहेत. चूक दिसत नाही, इशारा येत नाही, नुसतं शांत. शब्द आणि स्वर आलटून पालटून लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे पुन्हा पुन्हा होणार. म्हणून सवय लावा: स्वर उमटला नाही की दुसरं काहीही करण्याआधी स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषा बघा. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की ती बदलते. आणि शक्यतो कामच वेगळं करा. आधी सगळ्या वाद्यांचे सगळे स्वर, मग कीबोर्ड मराठीवर नेऊन सगळे शब्द एकदम. मी आता असंच करते. त्या मुलाचे आभार मी वर्गात सगळ्यांसमोर मानले.

तिसरी अडचण: खोडलं तरी जागा जात नाही

स्वर निवडून डिलीट दाबलं तर तिथे विश्रांती उरते. तीही डिलीट केली तरी तिथेच. लोक चिडतात. इथे ताल आठवा. गायक थांबला म्हणून तबलजी थांबत नाही. आवर्तनाच्या मात्रा ठरलेल्या, आपण त्यात गाऊ नाहीतर गप्प राहू. सॉफ्टवेअरमधला बार तसाच असतो. तुम्ही स्वर काढला म्हणजे तेवढ्या मात्रा गप्प बसलात, मात्रा गेल्या नाहीत. अख्खं आवर्तनच नको असेल तर बार निवडून कंट्रोल-डिलीट. शेवटी बार हवा असेल तर कंट्रोल-बी. आणि मधे नवा स्वर घातला की पुढचे सरकत नाहीत, त्यांच्यावर लिहिलं जातं. हेही त्याच नियमाने होतं. पुढचं सगळं खरोखर सरकवायचं असेल तर लिहिण्याच्या पद्धतींच्या त्याच यादीत 'इन्सर्ट' आहे. पण ते काम झाल्यावर लगेच बंद करा, नाहीतर पुढचे बार वेडेवाकडे होतात.

तालाचीच आणखी दोन दुखणी आहेत. भजनाचा मुखडा बहुधा समेच्या आधी उठतो. नवीन फाईल करताना 'पिकअप मेजर' (समेआधीचा अपुरा बार) निवडून त्याच्या मात्रा सांगितल्या नाहीत तर सम दोन मात्रा मागे पडते, आणि मग प्रत्येक बार चुकलेला वाटतो. लिहून झाल्यावर लक्षात आलं तर पहिल्या बारवर उजवं क्लिक करून 'मेजर प्रॉपर्टीज'मध्ये त्याची प्रत्यक्ष लांबी बदलता येते. रूपकासाठी सात मात्रांचा बार केला की क्वेव्हरच्या शेपट्या सॉफ्टवेअर आपल्या मनाने जोडतं. आपल्याला तीन-दोन-दोन हवं. टाईम सिग्नेचरवर (बारच्या मात्रा सांगणाऱ्या सुरुवातीच्या आकड्यांवर) क्लिक करा, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये गट तोडता-जोडता येतात. एकदा केलं की पुढच्या बारांनाही लागतं. हे केल्यावर मुलं रूपक बघून वाजवू लागतात, नाहीतर मोजत बसतात.

चौथी अडचण: मराठी शब्द

शब्द लिहायला पहिला स्वर निवडून कंट्रोल-एल. स्पेस दाबलं की पुढच्या स्वरावर उडी. शब्द तोडायचा असेल तर हायफन, आणि एकच अक्षर पुढच्या स्वरांवर ओढायचं असेल तर अंडरस्कोर. एवढं सगळ्यांना कळतं. अडतं ते कुठे तोडायचं इथे.

इंग्रजी गाण्याचे तुकडे उच्चाराने पडतात. आपल्या लिपीत जोडाक्षर फोडलं की वाचताच येत नाही. 'उत्तर' म्हणताना आपण 'उत्' आणि 'तर' असं म्हणतो, पण लिहिताना पाय मोडका त कुणी पहिल्या स्वराखाली ठेवला तर मुलं तिथे थबकतात. मी 'उ-त्तर' लिहिते. 'समुद्र' म्हणजे 'स-मु-द्र'. 'कृष्ण' म्हणजे 'कृ-ष्ण'. नियम एकच: जोडाक्षर पूर्णपणे पुढच्या स्वराखाली जाऊ द्या. 'अंगणात'मधला शेवटचा त गाताना स्वतंत्र मात्रा घेत नाही, म्हणून 'अं-ग-णात'. पण चालीत त्या तला स्वर दिलेला असेल तर 'णा-त'. चाल म्हणून बघा आणि मग तोडा, व्याकरण बघून नव्हे. भजनी मंडळींना अंडरस्कोरची रेघ नवखी वाटते. त्यांच्यासाठी ओढलेल्या प्रत्येक स्वराखाली अवग्रह 'ऽ' टाका, कारण त्यांच्या वहीत तोच असतो.

फॉन्टही बदला. म्यूजस्कोरच्या मूळ अक्षरात देवनागरी नाही, त्यामुळे सिस्टीम हाताला लागेल तो फॉन्ट घेते आणि एका कॉम्प्युटरवर बरोबर बसलेल्या ओळी दुसऱ्यावर एकमेकींवर चढतात. फॉरमॅट, मग स्टाईल, मग टेक्स्ट स्टाईल्स, इथे जाऊन लिरिक्सच्या दोन्ही नोंदींना (ऑड आणि इव्हन लाईन्स) मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी द्या. हे दोन्ही मोफत आहेत. त्याच खिडकीत लिरिक्सच्या पानावर ओळींमधलं अंतर थोडं वाढवा. रोमन अक्षराला वरखाली एवढं काही नसतं. आपल्याकडे वर रफार आणि मात्रा, खाली उकार, आणि दुसरं कडवं पहिल्याच्या उकारावर आदळतं.

आता एक गोष्ट सांगते जी मला फार उशिरा कळली आणि जिचा मला आजही आनंद होतो. आमच्या हार्मोनियमवाल्यांना आणि गायकांना स्टाफ वाचता येत नाही, त्यांना सारेगम हवं. मी शब्दांच्या ओळीखाली दुसरी ओळ घेऊन त्यात स्वरांची नावं लिहिते (एंटर दाबलं की दुसऱ्या कडव्याची ओळ येते). पण कोमलची आडवी रेघ आणि तीव्रची उभी रेघ कशी काढायची? भातखंडे पद्धतीची ही चिन्हं मी वर्षानुवर्षं छापल्यावर पेनाने काढत होते. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) वेदपाठासाठी दिलेली दोन चिन्हं आहेत. अनुदात्त म्हणजे अक्षराखाली आडवी रेघ, क्रमांक ०९५२. उदात्त म्हणजे अक्षरावर उभी रेघ, क्रमांक ०९५१. आपल्याला हवं तेच. रे॒, ग॒, ध॒, नि॒ आणि म॑. विंडोजच्या 'कॅरेक्टर मॅप'मधून ती दोन चिन्हं एकदा उचलून एका फाईलमध्ये ठेवा आणि तिथून चिकटवत जा. तार सप्तकाला अनुस्वाराचा टिंब: सां, रें, गं. मंद्राला नुक्त्याचा टिंब. इथे क्रम सांभाळा: आधी व्यंजन, लगेच नुक्ता, मग वेलांटी किंवा काना. 'ऩि' असं. नुक्ता शेवटी टाकला तर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं आणि पुन्हा वाटतं की सॉफ्टवेअर बिघडलं. कोमलची रेघ मात्र वेलांटीच्या नंतर.

पाचवी अडचण: जुन्या फाईली

जुनं सॉफ्टवेअर अजून कुठल्या तरी कॉम्प्युटरवर उघडत असेल, तर हा भाग वाचून आजच कामाला लागा. बाकीचं सगळं पुढे शिकता येईल. हे मात्र तो लॅपटॉप चालू आहे तोवरच होतं.

फिनालेच्या फाईली दोन प्रकारच्या असतात, जुन्या एमयूएस आणि २०१४ च्या आवृत्तीपासूनच्या एमयूएसएक्स. दुसरीकडे न्यायच्या असतील तर मूळ फाईलवर भरवसा ठेवू नका, म्युझिकएक्सएमएल करून ठेवा. हा नोटेशनच्या देवाणघेवाणीचा सामायिक साचा आहे. त्याची पहिली आवृत्ती २००४ ची आणि सध्याची ४.० ही २०२१ ची. डोरिको, सिबेलियस, म्यूजस्कोर सगळे तो वाचतात. फिनालेमध्ये फाईल, एक्सपोर्ट इथे ती सोय आहे, आणि एकेक न करता अख्खं फोल्डर एकदम करायचीही सोय आहे. माझ्या दोनशेच्या आसपास फाईली एका संध्याकाळी झाल्या. मधे एकदा वीज गेली, तरी झाल्या.

सोबत प्रत्येकाची पीडीएफ काढाच. म्युझिकएक्सएमएलमधून स्वर, मात्रा, स्लर (सलग वाजवायच्या स्वरांवरची कमान), शब्द नीट येतात, पण पानाची रचना तशीच्या तशी येत नाही. ओळी वेगळ्या तुटतात, सूचना स्वरावर चढतात. मूळ पान कसं होतं हे पीडीएफ सांगते. मिडी (कॉम्प्युटरने वाजवायची फाईल) करून ठेवली म्हणजे झालं असं समजू नका. मिडीला सी शार्प आणि डी फ्लॅट यांतला फरकच माहीत नाही, कारण तिच्याकडे फक्त कळीचा क्रमांक असतो. स्लरही नाही.

आता ती "शब्दांच्या जागी भलतंच" वाली तक्रार. आपण पूर्वी युनिकोड येण्याआधीचे मराठी फॉन्ट वापरायचो. त्यांत आतली अक्षरं रोमनच असतात, फक्त फॉन्टचं चित्र देवनागरी असतं. नव्या ठिकाणी तो फॉन्ट नसला की आतलं रोमन उघडं पडतं. फाईल खराब झालेली नाही, घाबरू नका. तोच फॉन्ट बसवला तर वाचता येईल, पण तसं करू नका, कारण पुढच्या बदलात पुन्हा हेच होईल. कोणत्याही एका शब्दावर उजवं क्लिक करून 'सिलेक्ट'मधून त्याच प्रकारचं सगळं निवडा, डिलीट करा. शब्द मूळ फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून घ्या (असे कन्व्हर्टर मोफत मिळतात, पण कोणता फॉन्ट होता ते नेमकं माहीत हवं). साध्या मजकुरात हायफन देऊन अक्षरं तोडा आणि मग कंट्रोल-व्हीने स्वरांखाली चिकटवा. रफार आणि 'र'ची जोडाक्षरं कन्व्हर्टरमध्ये हमखास चुकतात, तेवढी डोळ्यांखालून घाला.

आणि कृपा करून सगळ्या दोनशे फाईली दुरुस्त करत बसू नका. या वर्षी जे वाजवायचं आहे तेवढंच. मी पहिल्या महिन्यात जुन्या फाईली नीट करण्यात इतकी थकले की नवं शिकायचं राहूनच गेलं. आयात केलेल्या फाईलमधल्या चुका आणि आपल्या हातून होणाऱ्या चुका यांत फरकच कळत नाही. चांगली पाठ असलेली एक चाल कोऱ्या पानावर, पहिल्या स्वरापासून शेवटच्या शब्दापर्यंत लिहा. ते एक पान पुरं झालं की निम्मी चिडचिड गेलेली असते.

सहावी: "काळी एकमध्ये लिहा" म्हटल्यावर

गायक पट्टी सांगतो हार्मोनियमच्या भाषेत. काळी एक म्हणजे सी शार्प. तसंच सॉफ्टवेअरला सांगितलं तर सी शार्प मेजरचे सात शार्प पानावर येतात. ट्रंपेट बी फ्लॅटचा, तो लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, म्हणून त्याला एक पूर्ण स्वर वर लिहायचं, म्हणजे डी शार्प, आणि तिथे तर वाचण्यासारखं काही उरतच नाही. तीच काळी एक डी फ्लॅट म्हणून लिहा. पाच फ्लॅट येतात, आणि ट्रंपेट-क्लॅरिनेटला ई फ्लॅट मिळतो, तीन फ्लॅट. बँडवाल्यांना तो घरचा सूर आहे. काळी चारसाठीही जी शार्प नको, ए फ्लॅट घ्या. चार फ्लॅट, आणि ट्रंपेटला फक्त दोन.

दुसरं, म्यूजस्कोरमध्ये खालच्या पट्टीत 'कॉन्सर्ट पिच' नावाचं बटण आहे. ते चालू असेल तर ट्रंपेटचा पार्ट कानाला ऐकू येतो त्या स्वरात दिसतो, बंद असेल तर वादकाने वाचायच्या स्वरात. लिहिताना चालू ठेवलं तर चालतं. छापायच्या आधी बंद आहे ना हे बघाच. एका तालमीला मी ते विसरले आणि ट्रंपेट सगळ्यांच्या खाली एक स्वर वाजत राहिला. वादकाचा दोष काडीचाही नव्हता. त्यांनी पानावर होतं तेच वाजवलं.

मशीन आणि पाऊस

चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर म्यूजस्कोर अडखळत असेल तर वेगळे उतरवून घ्यायचे मोठे ध्वनिसंच घालू नका. ते गिगाबाइटच्या हिशेबात असतात, आपल्याकडच्या नेटवर रात्रभर उतरत राहतात आणि वाजवताना मशीन थकवतात. सोबत येणारा 'एमएस बेसिक' स्वर तपासायला पुरेसा आहे. खरा आवाज आपली मुलं काढणारच आहेत. पावसात वीज जाते, आणि सगळ्यांच्या लॅपटॉपची बॅटरी धड असतेच असं नाही. प्रेफरन्सेसमध्ये ऑटोसेव्ह दोन मिनिटांवर आणा.

छापण्याआधी शेवटचं काम. एक पान काढा, ते व्हायोलिनच्या स्टँडवर ठेवा आणि चार फूट मागे जाऊन वाचा, दिवे लावायच्या वेळेला, कारण तालीम तेव्हाच असते. शब्दांच्या वेलांट्या आणि कोमलच्या रेघा दिसत नसतील तर शब्दांचा आकार एक पॉइंटने वाढवा आणि पुन्हा एकच पान काढून बघा.